दिवसाच्या बालशिबिरासाठी माणसं निवडणं आणि तयार करणं

‘मुलांची आवड हवी’ ही अट जाहिरातीतून काढून टाका. अर्ज करणारा प्रत्येक जण ती आपल्याला आहे असंच सांगतो, आणि तो खरं बोलत असला तरी त्यातून तुमच्या हाती काही लागत नाही. मला हवा असतो तो माणूस वेगळा. कुठल्याही क्षणी त्याला विचारलं, ‘आत्ता तुझ्याकडे किती मुलं आहेत?’, तर तो लगेच आकडा सांगतो आणि तो आकडा बरोबर असतो. कागदकाम, नाटुकली, विज्ञानाचे प्रयोग, गाणी हे सगळं आठवड्याभरात शिकवता येतं. नजर मुलांवर ठेवून हात दुसऱ्या कामात गुंतवणं मात्र काहींना जमतं, काहींना कितीही शिकवलं तरी जमत नाही.

मी आधी शाळेत खेळाची शिक्षिका होते. आता बरीच वर्षं सुट्टीतल्या दिवसाच्या शिबिरांसाठी माणसं निवडायचं आणि त्यांना तयार करायचं काम करते. सकाळी मुलं येतात, संध्याकाळी घरी जातात, रात्रीचा मुक्काम नाही, म्हणून हे काम सोपं आहे असं समजणारे आयोजक मला दरवर्षी भेटतात. मुक्कामी शिबिरात मुलं एकदा येतात आणि एकदा जातात. इथे रोज दोनदा ताबा बदलतो. रोज कोणी गैरहजर असतं, कोणाला न्यायला आज आईऐवजी काका आलेले असतात, कोणी दुपारीच निघतं. हजेरीच्या वहीतला आकडा रोज वेगळा असतो, आणि तो सांभाळणारी मुलं-मुली बहुतेक स्वतःच कॉलेजची, सुट्टीपुरती आलेली असतात. म्हणून शिकवायला वेळ कमी असला, तरी शिकवायचं कमी करता येत नाही.

आधी नियम, मग माणसं

शिबिराची तारीख ठरायच्या आधी तुमच्या भागातला नियम काय आहे ते विचारून घ्या. काही ठिकाणी अशा शिबिराला परवाना लागतो. काही ठिकाणी प्रमुखाचं किमान वय, प्रथमोपचार येणाऱ्यांची संख्या, मुलांमागे माणसांचं प्रमाण हे सगळं नियमात बांधलेलं असतं. काही ठिकाणी पोहण्याचा तलाव किंवा वाहन आलं की वेगळे नियम लागू होतात. बालकल्याण, आरोग्य, शिक्षण यांपैकी कोणतं खातं हे पाहतं तेही जागेनुसार बदलतं. उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही विचारा, कारण कधीकधी तिच्या अटी सरकारी नियमांपेक्षा कडक असतात, आणि पुढे दावा करायची वेळ आली तर त्या अटींवरच बोट ठेवलं जातं.

नियमच नसेल तर मी एखादं चांगलं ऐच्छिक मानक घेते. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिराचं प्रमाण असं आहे: पाच वर्षं आणि त्याखालच्या ६ मुलांमागे १ माणूस, सहा ते आठ वयाच्या ८ मुलांमागे १, नऊ ते चौदाच्या १० मुलांमागे १, पंधरा ते अठराच्या १२ मुलांमागे १. कर्मचाऱ्यांपैकी किमान ८० टक्के अठरा वर्षांवरचे असावेत आणि प्रत्येक जण आपल्या गटातल्या मुलांपेक्षा निदान दोन वर्षांनी मोठा असावा, असंही त्यांचं म्हणणं आहे. दोन वर्षांचं अंतर मला कमीच वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलांसमोर सतरा वर्षांचा दादा उभा केला, तर पहिल्या तासात तो त्यांचा मित्र होतो आणि दुसऱ्या तासापासून त्याचं कोणी ऐकत नाही.

हे प्रमाण कसं मोजतात यातच खरी गडबड होते. ‘आमच्याकडे साठ मुलं आणि आठ माणसं आहेत’ असं सांगणाऱ्या आयोजकाला मी विचारते, त्या आठांत कोण कोण धरलंय? बहुतेक वेळा त्यात स्वतः प्रमुख असतो, स्वयंपाकघर पाहणारी बाई असते, गाडीचा चालक असतो, फोटो काढणारा असतो. यांना वगळा. प्रथमोपचाराची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यालाही वगळा, कारण एखादं मूल पडलं की तो त्याच्याजवळ अडकतो. मदतीला घेतलेली अल्पवयीन मुलं वगळा. ती उपयोगी असतात, पण त्यांच्यावरही कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं. मिश्र वयाच्या गटाला त्यातल्या सर्वांत लहान मुलाचं प्रमाण लावा. शिवाय हे प्रमाण प्रत्येक गटात, प्रत्येक जागी पाळायचं असतं. सगळ्या शिबिराची सरासरी काढून उपयोग नाही.

एवढं करूनही ते प्रमाण सगळं सुरळीत चाललेलं असतानाचं असतं. एका मुलाला उलटी झाली की एक माणूस गेला. म्हणून प्रत्येक तीन-चार गटांमागे मी एक मोकळा माणूस ठेवते. त्याला गट नाही. हाक आली तिकडे जाणं, एवढंच त्याचं काम. खर्च कमी करायला निघालेले आयोजक पहिली कात्री इथेच लावतात. मी त्याऐवजी दहा मुलांचे प्रवेश कमी करायला सांगते.

कोणाला काय यायला हवं

प्रमुख पंचविशीच्या पुढचा असावा, त्याने आधी एखादं तरी शिबिर दुसऱ्याच्या हाताखाली पाहिलेलं असावं, आणि मुलं आवारात आहेत तोवर तोही आवारात असावा. तो बाहेर गेला तर त्याच्या जागी कोण, हे सगळ्यांना नावानिशी माहीत असलं पाहिजे. शिक्षणाची पदवी असली तर उत्तम. पण मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते: ‘तुम्ही शेवटचा कार्यक्रम कधी आणि का रद्द केला होता?’ कधीच केला नाही असं जो अभिमानाने सांगतो, त्याच्याबद्दल मला शंका येते. आभाळ भरून आलंय, पालकांनी पैसे भरलेत, मुलं रांगेत उभी आहेत आणि तरीही ‘आज मैदानावर जायचं नाही’ असं म्हणणं, हे प्रमुखाचं मुख्य काम आहे.

गटप्रमुख, म्हणजे मुलांचे ताई-दादा, यांच्याकडून मी पदवी मागत नाही. अठरा पूर्ण, चालू मुदतीचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र किंवा शिबिराआधी ते घेण्याची तयारी, आणि मुलांच्या एखाद्या गटाबरोबर सलग काम केल्याचा अनुभव. हा अनुभव घरातल्या धाकट्या भावंडांना सांभाळण्याचाही असू शकतो. धनुर्विद्या, गिर्यारोहण, नौकानयन, घोडेस्वारी असं काही ठेवणार असाल, तर त्या त्या खेळाचं शिक्षकाचं प्रमाणपत्र लागेल. उत्साही खेळाडू शिक्षक असतोच असं नाही.

पाण्याबद्दल मी अडून बसते. तलावावर जीवरक्षक स्वतंत्र हवा, प्रमाणित हवा, आणि त्याने पाणी सोडून दुसरं काही करता कामा नये. मुलांना पोहायला शिकवणं, टॉवेल वाटणं, चप्पल शोधून देणं हे त्याचं काम नाही. जीवरक्षणात एक प्रचलित कसोटी आहे: दहा सेकंदांत संकट ओळखायचं आणि पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोहोचायचं. तुमच्या तलावाच्या कोपऱ्यापर्यंत वीस सेकंदांत पोहोचता येतं का, ते शिबिराआधी प्रत्यक्ष धावून-पोहून पाहा. येत नसेल तर दुसरा जीवरक्षक घ्या. गटप्रमुखही काठावर हवेतच, आणि त्यांनी हे शिकलेलं असावं की बुडणारं मूल ओरडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या दशकात चित्रफितींवरून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, हाक मारायला श्वास उरत नाही, आणि हे सगळं वीस ते साठ सेकंदांत संपतं. काठावरच्या बेसावध माणसाला ते मूल नुसतं खेळतंय असं वाटतं.

निवड

अर्जात मी गेल्या काही वर्षांत कुठे काय केलं हे क्रमाने लिहायला सांगते. मधली रिकामी जागा दिसली की तिच्याबद्दल विचारते. बहुतेकदा कारण साधं असतं: आजारपण, परीक्षा, घरचं काही. पण विचारायचं. दोन ठिकाणची नावं घेते, त्यातलं एक तरी मुलांबरोबरच्या कामाचं, आणि नातेवाईक चालत नाहीत. शिफारसपत्रावर समाधान मानत नाही, फोन करते. ‘या व्यक्तीला पुन्हा मुलांबरोबर काम द्याल का?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तर येण्याआधी किती वेळ गेला यावरूनही काही गोष्टी कळतात.

चारित्र्य पडताळणी सगळ्यांची. फक्त गटप्रमुखांची नव्हे, चालकाची, सफाईवाल्याची, रविवारी येणाऱ्या जादूगाराचीही, जर तो मुलांमध्ये एकटा राहणार असेल तर. ‘अहो, हा आपल्याच ओळखीतला आहे’ या वाक्याने जितक्या सवलती मिळतात तितक्या दुसऱ्या कशानेही मिळत नाहीत. मुलांशी गैरवर्तन करणारी माणसं बहुधा ओळखीतलीच असतात, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मी फॉर्म पुढे सरकवते. पडताळणीची मर्यादाही लक्षात ठेवा. कागद स्वच्छ आला याचा अर्थ एवढाच की आजवर गुन्हा नोंदला गेलेला नाही. म्हणून पडताळणीनंतरही शिबिरातले नियम असे आखायचे की चुकीच्या माणसाला संधीच मिळू नये. त्याबद्दल पुढे.

मुलाखतीत गोड प्रश्न नको, प्रसंग द्या. माझा आवडता असा: ‘नऊ वर्षांचा मुलगा बाकाखाली जाऊन बसलाय, बाहेर यायला तयार नाही. उरलेली नऊ मुलं मैदानाकडे पळालीयत. तुम्ही एकटे आहात. काय कराल?’ बहुतेक जण बाकाखालच्या मुलाची समजूत कशी घालू हे सुंदर शब्दांत सांगतात. मला हवं असलेलं उत्तर नऊ मुलांपासून सुरू होतं: शिट्टी वाजवून त्यांना थांबवेन, दोन्हीकडे दिसेल अशा जागी उभा राहीन, मोकळ्या माणसाला हाक मारेन, मग बाकाखाली वाकेन.

शेवटी उमेदवाराला एक तास खऱ्या मुलांमध्ये ठेवा, अर्थातच दुसऱ्या जबाबदार माणसाच्या देखत. तो उभा कुठे राहतो ते पाहा. जो भिंतीला पाठ लावून सगळा गट दिसेल असा उभा राहतो, तो निम्मा तयार आहे. जो गटाच्या मधोमध बसून चार मुलांशी रंगतो आणि बाकीच्यांकडे पाठ करतो, तो मनाने चांगला असेल, पण त्याला बरंच शिकवावं लागेल. फोन खिशातून किती वेळा निघतो तेही दिसतं.

शिबिराआधीचं प्रशिक्षण

तीन पूर्ण दिवस धरा, आणि त्यांचे पैसे द्या. फुकटच्या प्रशिक्षणाला माणसं उशिरा येतात आणि लवकर जातात. हे दिवस शिबिर जिथे भरणार त्याच आवारात व्हायला हवेत. कारण पहिल्या दिवशीचं पहिलं काम चालणं असतं. फाटक, कुंपणातली फट, विजेची पेटी, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवरचं ते वळण जिथे मूल दहा पावलं कोणालाच दिसत नाही. प्रत्येकाने कागदावर आवाराचा नकाशा काढायचा आणि आपल्याला न दिसणाऱ्या जागा लाल करायच्या. सगळ्यांचे नकाशे शेजारी ठेवले की कोणाची नजर कशी चालते ते मला कळतं, आणि कुठे माणूस उभा करायचा तेही ठरतं.

मोजणीचा सराव इथूनच सुरू होतो. मुलं कमी होतात ती कार्यक्रम चालू असताना नाही, एका कार्यक्रमातून दुसऱ्याकडे जाताना. म्हणून नियम असा: जागा सोडण्याआधी मोजा, नव्या जागी पोहोचल्यावर मोजा, स्वच्छतागृहातून परतल्यावर मोजा, वाहनात चढताना आणि उतरताना मोजा. वाहन रिकामं झाल्यावर एक जण शेवटच्या आसनापर्यंत चालत जाऊन, वाकून पाहून येतो. झोपलेलं मूल बंद गाडीत राहणं जिवावर बेततं. नुसता आकडा पुरेसा नाही, नावंही लागतात, कारण दोन गट मिसळले की आकडा जुळतो आणि मूल भलतंच असतं. प्रशिक्षणात मी मुद्दाम एखाद्याला हळूच बाहेर काढते आणि गटप्रमुखाला किती वेळाने कळतं ते घड्याळावर पाहते. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचं माझ्यावर बारीक लक्ष असतं. तेच हवं असतं.

मूल हरवल्याचा सराव वेगळा करा. कोण शोधणार, कोण उरलेल्या मुलांजवळ थांबणार, फाटक कोण बंद करणार, पोलिसांना आणि पालकांना फोन कोण करणार, हे नावानिशी. शोध पाण्यापासून सुरू होतो: तलाव, टाकी, हौद आधी, कपाटं आणि झाडामागच्या जागा नंतर. इतर ठिकाणी मूल दहा मिनिटं जास्त राहिलं तर घाबरेल. पाण्यात दहा मिनिटं म्हणजे सगळं संपलं.

संध्याकाळच्या ताब्याचाही सराव हवा. नेणाऱ्या माणसांची नावं पालकांनी आधी लिहून दिलेली असतात. यादीत नाव नसेल तर मूल द्यायचं नाही, मग समोरचा कितीही रागावो. वीस वर्षांच्या ताईला पन्नाशीच्या गृहस्थाला ‘काका, थोडं थांबा, मी फोन करून विचारते’ असं म्हणणं जड जातं. म्हणून आम्ही तो संवाद करून पाहतो. मी चिडलेला काका होते. दोनदा-तीनदा केला की आवाजातला कंप जातो.

मुलांची सुरक्षितता आणि स्पर्शाचे नियम

संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार मी प्रशिक्षणात वाचून दाखवत नाही, पण त्याचं कलम १९ सांगते: सांभाळणाऱ्याच्या ताब्यात असतानाही मुलाला हिंसा, दुर्लक्ष आणि शोषण यांपासून संरक्षण मिळालं पाहिजे. सांभाळणारे म्हणजे आपण. मग नियम. बंद दाराआड कोणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर राहणार नाही. बोलायचंच असेल तर इतरांना दिसेल असं, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. स्वच्छतागृहाकडे मुलांना जोडीने किंवा छोट्या गटाने न्यायचं, माणूस बाहेर थांबेल. कपडे बदलायला लहानग्यांना मदत लागली तर दुसऱ्या मोठ्या माणसाच्या देखत. मुलांना खासगी संदेश नाहीत, खास भेटवस्तू नाहीत, ‘आपलं गुपित’ नाही, स्वतःच्या फोनवर फोटो नाही. हे नियम मुलांचं रक्षण करतात तसंच खोट्या संशयापासून चांगल्या ताई-दादांचंही. शिबिराच्या प्रमुखालाही तेच लागू. त्याच्यासाठी पळवाट ठेवली की सगळा नियमच सैल होतो.

मूल येऊन काही सांगू लागलं तर काय करायचं हे शब्दशः शिकवावं लागतं. ऐका. चेहरा शांत ठेवा. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. ‘त्याने तुला इथे हात लावला का?’ असे सुचवणारे प्रश्न विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणारच आहे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह, त्याच दिवशी लिहा आणि ठरलेल्या जबाबदार व्यक्तीकडे द्या. आरोप त्या व्यक्तीवरच असेल तर दुसरी कोण, हेही आधीच ठरलेलं असावं. चौकशी आपण करायची नाही; ती पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणेची. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला आधी जाऊन विचारणं, हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक सज्जनपणा आहे.

शिस्तीबद्दल फार बोलत नाही. मारणं, चिमटे, उठाबशा, चारचौघांत लाज काढणं, पाणी किंवा लघवीला जाणं अडवणं बंद. ‘पळू नका’ऐवजी ‘चाला’ म्हणा. बाकी अनुभवाने येतं.

प्रथमोपचार: प्रमाणपत्र आणि हात

प्रथमोपचार आणि सीपीआरचं (हृदय थांबलं तर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी दोन वर्षं चालतं. हातातलं कौशल्य तेवढं टिकत नाही, काही महिन्यांतच ढिलं पडायला लागतं. म्हणून प्रमाणपत्र असलेल्यालाही मी सरावाच्या पुतळ्यावर बसवते. मुलासाठी छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, एकटा असाल तर ३० दाबांमागे २ श्वास. बुडालेल्या मुलाच्या बाबतीत श्वास टाळू नका; त्याचं हृदय प्राणवायू न मिळाल्याने थांबलेलं असतं. घशात काही अडकलं आणि मूल खोकू शकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला, तर पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ झटके, आलटून पालटून. एक वर्षाखालच्या बाळाची पद्धत वेगळी आहे, पण ते आपल्या शिबिरात नसतं.

ॲलर्जीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण इथे माणसं वाट पाहत बसतात. खाल्ल्यानंतर किंवा मधमाशी चावल्यानंतर थोड्याच वेळात ओठ सुजणं, आवाज घोगरा होणं, सतत खोकला, श्वासात शिट्टी, एकाएकी उलट्या किंवा मूल गळून जाणं. अंगावर गांध्या असतीलच असं नाही. मुलाकडे डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन असेल, तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, लगेच, कपड्यांवरूनही. ॲलर्जीची गोळी देऊन ‘बघू या’ म्हणणं नाही. मुलाला आडवं करा, पाय उंच. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. रुग्णवाहिका बोलवा. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही आणि दुसरं इंजेक्शन असेल तर तेही. सरावाची, सुई नसलेली इंजेक्शनं मिळतात; प्रत्येकाने ती स्वतःच्या मांडीवर दाबून पाहायची. आणि खरं इंजेक्शन कुठे असतं? कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात नाही. ज्या गटात ते मूल, त्या गटप्रमुखाच्या पिशवीत. दम्याचा इनहेलर आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसरही तिथेच.

फिट आली तर वेळ पाहा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काहीही घालू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका. डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलेलं, सुस्त वाटलं किंवा डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा दिसला तर थेट रुग्णालय.

ऊन आणि वीज गटप्रमुखांनीच ओळखायची असते, प्रमुखाचा फोन येण्याची वाट पाहायची नसते. उन्हात खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. मूल बरळू लागलं, अडखळू लागलं, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेलं असू शकतं. आधी थंड करा, मग हलवा: भरपूर पाणी अंगावर, वारा, सावली आणि सोबतच रुग्णवाहिकेला फोन. विजेसाठी तीसचा नियम आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी गेले, म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळे पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. गडगडाट ऐकू आला की मोजत न बसता आत जाणं आणखी चांगलं. झाडाखाली किंवा उघड्या मंडपात मुलं गोळा करणाऱ्या माणसाला मी परत पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणात बसवते.

शिबिर चालू असताना

रोज मुलं यायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी उभ्याने भेटायचं. आज कोण गैरहजर, कोणाला काय औषध, कोणाला कोण न्यायला येणार, हवामान कसं. तेवढंच. मुलं गेल्यावर दुसरी दहा मिनिटं, आणि त्यात मी एकच विचारते: आज कुठे थोडक्यात वाचलो? सुरुवातीला सगळे गप्प असतात. एखाद्या जुन्या ताईने ‘दुपारी माझी मोजणी एकने चुकली होती’ असं सांगितलं, आणि तिला कोणी ओरडलं नाही, की बाकीचे बोलायला लागतात. ही नोंद वहीत जाते. पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचे प्रसंग मी तिथूनच उचलते.

प्रत्येक माणसाची एक फाइल ठेवा: अर्ज, पडताळणी, ज्यांना फोन केला त्यांची उत्तरं, प्रमाणपत्रांच्या प्रती आणि त्यांची मुदत, कोणत्या दिवशी काय शिकवलं, आणि त्यावर त्याची सही. तपासणीला कोणी आलं तर ही फाइल लागते. प्रमाणपत्राची मुदत शिबिराच्या मधल्याच आठवड्यात संपत असेल तर ती आधीच वाढवून घ्या.

एखादा जण जमत नाही असं दिसलं तर त्याला गटावरून काढून सामानाच्या, नोंदींच्या कामाला लावा, त्याच दिवशी. शिबिर संपेपर्यंत सांभाळून घेऊ, असं करू नका.

आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी सकाळी जो नवा येईल, त्याला थेट गट देऊ नका. शिबिर ऐन रंगात असताना मधेच आलेल्या माणसाचं प्रशिक्षण सगळे ‘बघून बघून शिकेल’ वर सोडतात. पडताळणी पूर्ण नसेल तर तो फाटकाच्या आतच येणार नाही. असेल तर पहिला दिवस तो मोकळ्या माणसाच्या मागे फिरेल, आवाराचा नकाशा काढेल, पुतळ्यावर बसेल, ॲलर्जीच्या मुलांची नावं पाठ करेल. दुपारनंतर मी त्याला एखाद्या गटाशेजारी उभं करते आणि जाता जाता विचारते, किती मुलं आहेत.

ती मुलं त्याची नसतात अजून. तरी आकडा बरोबर आला, तर दुसऱ्या दिवशी गट देते.